पाडण्याआधीचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात म्हाताऱ्या माणसाला बोलायला उभं केलं की तो आठवणी सांगणार, असं सगळे गृहीत धरतात. पहिला गणपती, टँकरचे दिवस, गच्चीवरची कोजागिरी. त्या आठवणी याच स्मरणिकेत इतरांनी लिहिल्या आहेत आणि माझ्यापेक्षा छान लिहिल्या आहेत. मला सचिवांनी वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. त्याचे परिणाम आता त्यांनी आणि तुम्ही भोगायचे आहेत.

मी बोलणार आहे बांधकामाबद्दल. कारण उघड आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पुनर्विकासाचा व्यवहार्यता अहवाल मागवण्याचा ठराव आहे. गेले सहा महिने जिन्यात, पार्किंगमध्ये, सकाळी फिरायला गेल्यावर टेकडीवरसुद्धा हाच विषय चालू आहे. चर्चेत प्रश्न तीनच. कार्पेट किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती आणि भाडं किती. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी आयुष्यभर बँकेत काढली, त्यामुळे पैशाचं बोलणं मला वाईट वाटत नाही. पण या हिशेबात एक पान कोरं राहिलंय. आपल्या या अर्ध्या एकरातून काय बाहेर जाणार, आत काय येणार, आणि ते जिथे जाईल आणि जिथून येईल तिथल्या लोकांचं काय होणार, हे ते पान.

मी इंजिनीअर नाही. पण गृहकर्जाचे हप्ते सोडताना साइटवर जावं लागायचं. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की पुढचा. त्या निमित्ताने मी तीसेक वर्षं पुण्याच्या आजूबाजूची बांधकामं पाहिली. त्यात एक गोष्ट लक्षात आली. साइटवरचा नासाडीचा बराचसा भाग मुकादमाच्या हातात नसतोच. तो ठरतो नकाशाच्या कागदावर आणि कराराच्या कलमांमध्ये. पहिला डंपर यायच्या वर्षभर आधी. म्हणजे आपल्या बाबतीत, आत्ता.

आता आकड्यांकडे येतो. कंटाळा आला तर मागच्या रांगेत चहा आहे.

आपल्या तीन इमारती, ४८ सदनिका, बांधीव क्षेत्र साधारण ४,००० चौरस मीटर. पक्की इमारत पाडली की दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो राडारोडा निघतो, असा टायफॅक या सरकारी संस्थेचा २००१ सालचा जुना अंदाज आहे. त्या हिशेबाने आपले २,००० टन. मला हा आकडा कमीच वाटतो. तुम्हीही करून बघा. पाच इंचाचा स्लॅब म्हणजे एका चौरस मीटरला नुसतं काँक्रीटच ३०० किलो. त्यावर बीम, कॉलम, भिंती, प्लास्टर, फरशा, गच्चीचा वॉटरप्रूफिंगचा थर. तरी आपण २,००० टनच धरू. दहा टनाचा एक ट्रक म्हटला तर २०० ट्रक. एकामागे एक उभे केले तर रांग मुख्य रस्त्याच्या सिग्नलच्याही पुढे जाईल.

नोएडातले जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नऊ-दहा सेकंदांत खेळ खलास. पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खाली उरलेला राडारोडा होता सुमारे ८०,००० टन. तो उचलायला पुढे कित्येक महिने लागले, ते मात्र टीव्हीवर कोणी दाखवलं नाही.

हे २०० ट्रक जातात कुठे? ज्यांना पहाटे फिरायची सवय आहे त्यांना हे सांगायला नको. नदीपात्राच्या कडेला, ओढ्यात, टेकडीच्या पायथ्याशी, रिकाम्या प्लॉटवर. रात्री अकरानंतर येतात, मागचा फाळका उघडतात आणि पाच मिनिटांत जातात. ओढा अरुंद होतो. मग पावसाळ्यात कुणाच्या तरी पार्किंगमध्ये पाणी शिरलं की आपण म्हणतो, यंदा पाऊस फार झाला.

जुन्या पुण्यात वाडे पाडले जात होते तेव्हा असं होत नसे. माझं बालपण पेठेत गेलं, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाडा पाडायचा म्हणजे खरं तर तो सोडवायचा. आधी कौलं उतरायची, मग वासे, तुळया, खांब, दारं-खिडक्या चौकटीसकट. सागवानाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असायचं. घडीव दगड दुसऱ्या जोत्याला जायचे. आणि विटा! भिंत चुन्यात बांधलेली असायची. घाणीवर मळलेला तो चुना विटेपेक्षा नरम, त्यामुळे वीट अख्खी सुटून यायची. बायका बसून ती खरडून साफ करायच्या, आणि तीच वीट पुढच्या भिंतीत लागायची. शेवटी वाहून न्यायला उरायची ती माती. सिमेंटमध्ये बांधलेली भिंत पाडून बघा. सांधा सुटत नाही, वीटच फुटते. मजबुती वाढली हे खरं, पण पुन्हा वापरायची सोय आपण बांधतानाच घालवून बसलो. आजही आरसीसी इमारत पाडताना गज मात्र अगदी निगुतीने काढून नेतात. कारण गजाला भंगारात भाव आहे. ज्याला भाव, ते परत येतं.

शनिवारवाड्याचा हिशेब मला फार आवडतो, कारण त्यात रुपयांचा आकडासुद्धा आहे. १७३२ साली वाडा पुरा झाला तेव्हा खर्च आला १६,११० रुपये. साग आणला जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडचा. सगळं आजच्या पुणे जिल्ह्यातलं. बैलगाडी जाईल तिथवरचं. पेशव्यांना पर्यावरणाची चिंता होती असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे डंपर नव्हता, एवढंच. पण लॉरी बेकर यांनी हीच गोष्ट ठरवून केली. हा इंग्रज वास्तुविशारद महायुद्धाच्या काळात मुंबईत जहाजाची वाट पाहत होता, तेव्हा त्याची गांधीजींशी गाठ पडली. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, हा गांधीजींचा विचार त्याने तिथे ऐकला. पुढे केरळात त्याने जन्मभर तसंच बांधलं. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडायची, म्हणजे भिंत तेवढीच जाड आणि विटा सुमारे पाव हिश्शाने कमी. पोकळीतल्या हवेमुळे घर थंड, हा वरचा फायदा. आपल्या बहुमजली इमारतीत ती पद्धत जशीच्या तशी चालेल असं नाही. पण किती सामान कमी करता येईल, हा प्रश्न आपल्या वास्तुविशारदालाही विचारता येतो. तो बहुतेक कोणी विचारत नाही.

आता बेसमेंट. माझ्या मते आपल्या बाबतीत सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि गंमत म्हणजे याची चर्चा सगळ्यात कमी झाली आहे. प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा पाहिजे. मग दोन मजली बेसमेंट आलं. आपला प्लॉट २,००० चौरस मीटरचा. बाजूची मोकळी जागा सोडून १,५०० मीटरवर खोदलं आणि सात मीटर खाली गेलं, तर १०,५०० घनमीटर माती, मुरूम आणि काळा पाषाण निघतो. खोदलेला मुरूम-दगड फुगतो, म्हणून तीस टक्के वाढवा. साडेतेरा हजारांच्या वर गेलो. एका डंपरमध्ये १० ते १४ घनमीटर मावतं. म्हणजे हजार ते साडेतेराशे फेऱ्या, नुसता खड्डा करायला! इमारती पाडायला २०० आणि खड्ड्याला हजार. खाली पाषाण लागला की ब्रेकर. त्याचा आवाज कसा असतो हे मागच्या प्लॉटने आपल्याला दोन वर्षं ऐकवलंच आहे.

मागच्या प्लॉटचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. नाव घेत नाही. तिथे बेसमेंटमध्ये पाणी लागलं. ते पंप लावून महिनोन् महिने रस्त्याकडेच्या गटारात सोडलं. त्याच उन्हाळ्यात आपली बोअर, जी पंचवीस वर्षांत कधी आटली नव्हती, ती एप्रिलमध्येच गुरगुरायला लागली. जमिनीखालचं पाणी कुंपण ओळखत नाही. आपण अर्ज दिले, फोटो दिले, उत्तर मिळालं, की परवानग्या सगळ्या आहेत. असतीलही. मला तक्रार पुन्हा उगाळायची नाही. मला एवढंच म्हणायचंय की उद्या आपण खड्डा खणू तेव्हा पलीकडच्या सोसायटीच्या बोअरसाठी आपण मागचा प्लॉट असू.

उपाय आहेत. एक बेसमेंट कमी करून यांत्रिक पार्किंग घेता येतं. खोदलेला मुरूम आपल्याच भरावाला, अंतर्गत रस्त्याला राखून ठेवता येतो. वरची सुपीक माती आधी वेगळी काढून झाकून ठेवली तर नंतर बागेसाठी लाल माती विकत आणावी लागत नाही. ही माती तयार व्हायला शतकं लागतात, आणि पोकलेन ती एका सकाळीत मुरुमात कालवून टाकतो. निघणारं पाणी गटारात न सोडता पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडता येतं. हे सगळं स्वस्त आहे, पण आधी ठरवलं तर. खड्डा झाल्यावर यातलं काहीच होत नाही.

सिमेंटबद्दल थोडक्यात. चुनखडी भाजून क्लिंकर बनतं. एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक कोळशातून येतच नाही, तो दगडातूनच निघतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो भाग टळत नाही. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. क्लिंकर कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे त्यात औष्णिक वीज केंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याची मळी घालणं. राखेच्या सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. मळीच्या सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत मळी चालते. दोन्हीला भारतीय मानक आहे. मजबुती जरा सावकाश येते, क्युरिंग नीट करावं लागतं, पण येते. ‘राखेचं सिमेंट नको, कच्चं असतं’ असं परवा आपल्यापैकीच एक जण म्हणाले. आपल्या इमारती बांधल्या तेव्हाच्या बिलांची फाइल संस्थेच्या कपाटात आहे. सवड काढून बघा, कोणतं सिमेंट वापरलं होतं ते. मी पाहिली आहे.

राडारोड्याचंही तसंच. तो दळून, चाळून खडी करता येते. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा कारखाना चालू आहे. आपल्या मानकाने, म्हणजे आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने, अशी खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के चालते असं सांगितलंय. पायाखालच्या हलक्या पीसीसीत तर पूर्ण १०० टक्के. म्हणजे आपल्याच जुन्या भिंती नव्या इमारतीच्या पायाखाली जाऊ शकतात. अट एकच, पाडताना माल वेगळा काढायला हवा. काँक्रीट, विटा, लाकूड, लोखंड, प्लास्टिक, प्रत्येकाचा ढीग निराळा. एकदा सगळं एकत्र कालवलं की त्याला कोणी हात लावत नाही.

धुळीबद्दल नियम भरपूर आहेत. जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत माती-वाळू झाकून ठेवणं, पाणी मारणं, उघड्यावर दगड-फरशी न कापणं, सगळं आहे. मुंबईत तर ऑक्टोबर २०२३ पासून महापालिकेने साइटभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं सक्तीचं केलं. नियम असूनही आपल्या खिडक्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ का बसते, ते तुम्हाला माहीत आहे.

झाडांचं सांगायलाच हवं. आपल्या आवारातले कडुनिंब, आंबे आणि तो फाटकाजवळचा बहावा सभासदांनी लावलेले आहेत, पंचवीस वर्षांचे झालेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याच्या वृक्ष कायद्यात, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात. म्हणजे एका कडुनिंबामागे पंचवीस. ती कुठे लावणार? या प्लॉटवर तर जागा उरणार नाही. म्हणून इमारतीचा आराखडा काढायच्या आधी झाडांचा नकाशा काढावा आणि इमारत त्याप्रमाणे सरकवावी. उलट क्रमाने केलं की प्रत्येक झाड नेमकं रॅम्पच्या वाटेतच येतं.

कोणी म्हणेल, हे सगळं कायदा बघून घेईल. म्हणून मी मुद्दाम नवे नियम वाचले. राडारोड्याबद्दल आधी २०१६ चे नियम होते. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये नवे जाहीर केले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात बांधकामातल्या मालाच्या पुनर्वापराची ठोस जबाबदारी टाकली आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर. आपली नवी इमारत त्याच्या आसपासही जाणार नाही. म्हणजे कायद्याची ती मोठी चाळणी आपल्याला लागणारच नाही. आपल्यासारख्या शेकडो छोट्या सोसायट्या पाडल्या जातायत आणि त्यांचे शेकडो छोटे ढीग या चाळणीतून खाली पडतायत. आपल्याकडे राहतं ते एकच हत्यार, करार.

आता तुम्ही म्हणाल, काका पुनर्विकासाच्या विरोधात आहेत. नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. घरी दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी एकच धड आहे. बी विंगमधल्या तरुण जोडप्यांना दोन मुलं आणि आई-वडील यांच्यासह ६०० फुटांत राहावं लागतं, ते मला दिसतं. पण आपला स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सांगतो की सांगाडा ठणठणीत आहे. दुखणं आहे ते गच्चीच्या गळतीचं, बाहेरच्या प्लास्टरचं आणि ड्रेनेजच्या पाइपांचं. पंचवीस वर्षांची इमारत म्हणजे बँकेच्या भाषेत अजून पुस्तकी मूल्य शिल्लक असलेली मालमत्ता. तिच्यासाठी जाळलेली चुनखडी, आणलेली वाळू, लागलेलं पाणी, सगळं आधीच खर्ची पडलंय. ती आणखी पंचवीस-तीस वर्षं वापरली तर त्या खर्चाचं चीज होतं. जिन्याला लागून बाहेरून लोखंडी सांगाड्याची लिफ्ट बसवता येते. आपल्या भागात अशा काही बसल्याही आहेत. त्यामुळे व्यवहार्यता अहवाल मागवायचाच तर दोन्हींचा मागवा. दुरुस्ती अधिक लिफ्टचा एक आणि पुनर्विकासाचा एक. दोन्हींत खर्चासोबत राडारोडा, खोदाई आणि झाडं यांचे रकाने असू द्या. मग मतदान करा. पुनर्विकास ठरला तर मी पहिली सही करीन.

४ जुलै २०१९ च्या, कलम ७९-अ खालच्या शासन निर्णयाप्रमाणे आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याने अहवाल करायचा आणि मग निविदा. म्हणजे आपल्या अटी निविदेत जाऊ शकतात, विकसक यायच्या आधी. एकदा विकसक नेमला की प्रत्येक अट ही त्याच्यासाठी ‘एक्स्ट्रा’ होते. आणि ज्यांना या सगळ्यात पदरात काय पडणार हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी सांगतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा मिळतात, जसं मानांकन तसे. कार्पेटवाल्यांनी हे टिपून घ्यावं.

मी एक पत्र तयार केलंय. आठ मुद्दे आहेत. पाडण्याआधी दारं, खिडक्या, कपाटं, नळ, सोलरच्या टाक्या यांची यादी आणि विक्री, हा पहिला. राडारोड्याचे वेगळे ढीग, आणि प्रत्येक ट्रक कुठे रिकामा झाला त्याची पावती संस्थेकडे. पावती नाही तर त्या टप्प्याचं बिल नाही. बँकेत आम्ही हेच करायचो, जोतं दिसल्याशिवाय हप्ता सुटत नसे. पुढे बेसमेंट, वरची माती, उपशाचं पाणी, सिमेंटचा प्रकार, झाडांचा नकाशा. आठवा मुद्दा शेजारच्या दोन सोसायट्यांचा. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या भिंतींचे फोटो आणि त्यांच्या बोअरची पातळी नोंदवून त्यांना प्रत द्यायची. हा मुद्दा एका सभासदाने खोडायला सांगितला, ‘उगाच पुरावा कशाला द्यायचा’ म्हणून. मी तो ठेवला आहे.

पत्र सूचना फलकाशेजारी, वॉचमनच्या टेबलावर आहे. काल संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या होत्या. सभेची नोटीस निघायच्या आत, म्हणजे येत्या रविवारपर्यंत, ते सचिवांकडे द्यायचं आहे. कुणाला एखादा मुद्दा पटत नसेल तर त्याच्यापुढे तसं लिहून सही करा, तेही चालेल. आकडे तपासून पाहायचे असतील त्यांनी संध्याकाळी सहानंतर घरी यावं. जिने चढायची तयारी ठेवावी.